ढप ढप टाळी आणि शाळेतला लसावि

भाच्याच्या शाळेच्या गॅदरिंगला मुलांनी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'वी विल रॉक यू' हे गाणं केलं आणि परत येताना रिक्षात तो मला म्हणाला, मामा, त्या सुरुवातीच्या ड्रम्स कसल्या भारी आहेत ना! मी म्हटलं, अरे, त्यात ड्रम नाहीतच. त्याला वाटलं मी उगाच काहीतरी सांगतोय. आणि मग दोनच दिवसांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडला की क्वीन बँडने या गाण्यात मूळ संख्यांची गुप्त व्हायब्रेशन्स भरलीत, ती थेट हृदयाच्या ठोक्यांशी जुळतात आणि म्हणून हे गाणं ऐकलं की अंगावर काटा येतो वगैरे. आता गंमत अशी की यातला मूळ संख्यांचा भाग खरा आहे! बाकीचं सगळं हवेतलं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, कारण त्या खऱ्या भागातली गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि ती समजायला सातवी-आठवीचं गणित पुरतं (मधे एका ठिकाणी थोडं जास्त लागेल, तिथे दम धरा).

आधी गाणं आलं कुठून ते. मे १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डजवळच्या बिंग्ले हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपला, बँड स्टेजवरून आत गेला तरी लोक हलेनात, आणि त्यांनी स्वतःच एक फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते गाणं म्हणायला सुरुवात केली, सगळा हॉल एका सुरात. गिटारिस्ट ब्रायन मेच्या डोक्यात हे घट्ट बसलं. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना, ज्यांना धड हातसुद्धा हलवायला जागा नाही, त्यांना काय काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. बस, एवढ्यावरच गाणं रचलं. पाय, पाय, टाळी, मग थांबा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते 'वी आर द चॅम्पियन्स'च्या जोडीने बाजारात आलं, रेकॉर्डच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला हे. ब्रिटनमध्ये ते दोन नंबरपर्यंत चढलं, अमेरिकेत चारपर्यंत. दोन मिनिटांचं गाणं, ड्रम नाही, बेस गिटार नाही, फक्त पाय, टाळ्या, फ्रेडी मर्क्युरीचा आवाज आणि अगदी शेवटी गिटार. ती गिटारसुद्धा ब्रायनने पोरवयात वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं लाकूड कापून.

आणि हा ब्रायन मे म्हणजे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये तो सूर्यमालेतल्या धुळीवर पीएचडी करत होता, बँड चालायला लागला तेव्हा अर्धवट सोडली आणि तीसेक वर्षांनी परत येऊन २००७ मध्ये पूर्ण केली. मला हा माणूस फार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो.

तर प्रश्न असा होता. रेकॉर्डिंग लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जो मुळात चर्चचा हॉल होता, त्यामुळे जागा चांगली घुमणारी. तिथे जुन्या लाकडी फळ्या सापडल्या, त्यांवर या मंडळींनी पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून एकावर एक थर चढवले. पण माणसं मोजकीच, आणि हवी होती हजारोंची गर्दी. मग गर्दी आणायची कुठून?

पहिला विचार मनात येतो तो आवाज वाढवायचा. पण आवाज वाढवला की एक माणूस मोठा होतो, त्याची हजार माणसं होत नाहीत. हिशोब करून बघा, हजार माणसांनी मिळून पाय आपटले तर आवाज एका माणसापेक्षा साधारण ३० डेसिबलने जास्त येतो आणि कानाला तो जेमतेम आठपट मोठा वाटतो, हजारपट नाही. शिवाय व्हॉल्यूमचं बटण फिरवून ३० डेसिबल कुणीही वाढवू शकतं. म्हणजे गर्दीची ओळख मोठेपणात नाही, ती आहे वेळेत. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर, नववीच्या पुस्तकात आहे. म्हणजे एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद. माझ्या शेजारच्याचा पाय मला लगेच ऐकू येतो, दहा मीटरवरच्याचा २९ मिलिसेकंदांनी, तेहेतीस-चौतीस मीटरवरच्याचा एक दशांश सेकंदाने. सगळ्यांनी अगदी एका क्षणी पाय आपटला तरी माझ्या कानात तो 'ढप' न राहता 'ढर्रप' असा पसरून येतो. शाळेत कवायतीला शेवटच्या रांगेत उभं राहिलेल्यांना हे माहीत असेल, पुढच्या रांगांचं सावधान डोळ्यांना आधी दिसतं आणि आवाज मागून येतो.

आणि आपला मेंदू यात फार हुशार आहे. थोड्या मिलिसेकंदांच्या फरकाने आलेले आवाज तो वेगळे मोजतच नाही, पहिल्यात मिसळून टाकतो, आणि त्या मिसळण्यातून आवाज किती जाड, जागा किती मोठी, माणसं किती याचा अंदाज बांधतो. फरक १०० मिलिसेकंदांच्या वर गेला की मग तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो (पुस्तकातलं ते १७.२ मीटर अंतर आठवा, जाऊन येऊन ३४.४). ब्रायनला प्रतिध्वनी नको होता, कारण प्रतिध्वनी आला की दरी किंवा गुहा वाटते, माणसं वाटत नाहीत. त्याला हव्या होत्या प्रत्येक ढपच्या बऱ्याच नकला, प्रत्येक नक्कल एकदाच येणारी, वेगवेगळ्या अंतरावरून आल्यासारखी, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटेल की आपण गर्दीच्या मधोमध उभे आहोत.

आता खरी मजा. नकला किती किती उशिराने ठेवायच्या? सरळमार्गी माणूस म्हणेल १०, २०, ३०, ४० मिलिसेकंद. करून बघा, भयंकर ऐकू येतं. दर १० मिलिसेकंदांनी एक टाळी म्हणजे सेकंदाला १०० टाळ्यांचा वेग, म्हणजे १०० हर्ट्झ, आणि कानाला त्यात गर्दी ऐकू येतच नाही, एक स्वर ऐकू येतो! टाळीच्या मागे पत्र्यासारखं 'घ्यँव' येतं. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या पिरॅमिडसमोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या शिळेसारखा आवाज परत येतो तो याच कारणाने, पायऱ्या समान अंतरावर आहेत, प्रत्येक पायरी एक नक्कल परत पाठवते आणि त्या नकलांच्या लयीचा स्वर होतो.

हेच लाटांच्या भाषेत सांगतो, इथे थोडं सावकाश वाचा. १० मिलिसेकंद उशिराची नक्कल मूळ आवाजात मिसळली की १०० हर्ट्झची लाट फुगते, कारण ती लाट १० मिलिसेकंदांत बरोबर एक फेरी पुरी करते आणि शिखरावर शिखर बसतं. तसंच २००, ३०० हर्ट्झला. पण ५०, १५०, २५० हर्ट्झला शिखरावर दरी बसते आणि तिथला आवाज खाल्ला जातो. आलेख काढला तर कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. आता २० मिलिसेकंदांची नक्कल घ्या, तिचे दात ५०, १००, १५० ला. तिसाचे ३३, ६७, १०० ला. बघा, प्रत्येक कंगव्याचा एक दात १०० वर आहेच! सगळ्या नकला मिळून १०० हर्ट्झला वर ढकलतात आणि तोच एक स्वर बोंबलत राहतो. असं का झालं? कारण १०, २०, ३०, ४० यांचा मसावि १० आहे. आता त्याऐवजी ११, १३, १७, १९ घ्या (आकडे समजण्यापुरते मी घेतलेत). ११ चे दात ९१ हर्ट्झपासून, १३ चे ७७ पासून, १७ चे ५९ पासून, कुणाचा कुणाशी मेळ नाही, एकाने खाल्लेलं दुसरा भरून काढतो, आणि सगळे एकत्र जुळतात ते थेट १००० हर्ट्झला, कारण यांचा मसावि फक्त १. एकही स्वर वरचढ होत नाही. उरतो तो नुसता दाट, रुंद ढप.

ब्रायन मेने नेमकं हेच केलं, नकलांची अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओवरच्या मुलाखतीत त्याने हे स्वतः सांगितलंय, म्हणजे ऐकीव गोष्ट नाही. आणि ही कल्पना नुसती त्याच्या लहरीची पण नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मानफ्रेड श्रोडर या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या एकदोन वर्षांतच कृत्रिम निनाद कसा तयार करायचा ते दाखवलं होतं. त्याच्या रचनेत नक्कल एकदाच येत नाही, ती फिरून फिरून येत राहते, आणि तिथे लसावि कामाला येतो. १० आणि २० मिलिसेकंदांची चक्रं दर २० मिलिसेकंदांनी एकमेकांवर आदळतात, पण ११ आणि १३ ची पहिल्यांदा भेटतात ती १४३ व्या मिलिसेकंदाला. अमेरिकेतले ते जमिनीतून उगवणारे सिकाडा किडे आहेत ना, एक जात १३ वर्षांनी, एक १७ वर्षांनी, त्यांचंही तेच. २०२४ मध्ये त्यांच्या दोन मोठ्या टोळ्या एकाच वर्षी बाहेर आल्या, त्याआधी १८०३ मध्ये. मधे २२१ वर्षं, तेरा सत्ते... नाही, तेरा गुणिले सतरा.

पण म्हणून मूळ संख्यांमध्ये काही शक्ती आहे का? अजिबात नाही, आणि फॉरवर्डवाल्यांचं इथेच चुकतं. मिलिसेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे. ११ मिलिसेकंद म्हणजेच ११० दशांश मिलिसेकंद, आणि ११० काही मूळ संख्या नाही, तरी आवाज तोच. हवेला किंवा कानाला आपला सेकंद माहीत नाही. कामाचं आहे ते आकड्यांमधलं नातं, म्हणजे त्यांना सामाईक विभाजक नसणं, ज्याला आपण शाळेत सहमूळ म्हणतो. ९, १६, २५ घ्या, एकही मूळ नाही, उलट तिन्ही पूर्ण वर्ग, पण आपापसात सहमूळ, आणि काम तितकंच चोख करतील. एका बाबतीत तर जास्त चोख, कारण २ सोडून सगळ्या मूळ संख्या विषम असतात, त्यामुळे ११, १३, १७ अशा सगळ्या नकला ५०० हर्ट्झला एकमेकींशी जुळून मूळ आवाजाच्या बरोबर उलट उभ्या राहतात, आणि मधे एखादी १६ सारखी सम संख्या असली की ती एकी मोडते. (हे वाक्य डोक्यावरून गेलं तर जाऊद्या, पण कागद घेऊन बसलात तर पाच मिनिटांत सुटेल.) ४३२ हर्ट्झचं संगीत विश्वाच्या स्पंदनाशी जुळतं म्हणणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा, सेकंदाची लांबी थोडी वेगळी ठरवली असती तर विश्वाने आपलं स्पंदन बदललं असतं का? आणि हृदयाच्या ठोक्यांचं म्हणाल तर गाण्याची लय मिनिटाला साधारण ८१ आहे, माणसाचं हृदय बसल्याबसल्या ६० ते १०० मध्ये कुठेही असतं, तेव्हा अशी ढीगभर गाणी कुणाच्या ना कुणाच्या ठोक्याशी जुळतीलच.

त्या लयीमागे मला मात्र दुसरं एक कारण दिसतं. ८१ च्या लयीत एक ठोका पाऊण सेकंदाचा, म्हणजे टाळीनंतर पुढच्या पायापर्यंत जवळजवळ पाऊण सेकंद मोकळा. तेवढ्यात आवाज २५० मीटर जातो. मोठ्या स्टेडियमच्या दुसऱ्या टोकाची टाळी उशिरा पोचली तरी ती बरीचशी त्या मोकळ्या जागेत पडते, पुढच्या ढपवर चढत नाही. हेच गाणं दुप्पट वेगाने सगळ्या स्टेडियमला म्हणायला सांगा, समोरच्या स्टँडची टाळी बरोबर तुमच्या पायावर येऊन बसेल आणि सगळा चिखल होईल. आज जगभरच्या मैदानांवर, जिथे स्टेजसुद्धा नसतं तिथे, लोक हे गाणं न शिकता एकत्र वाजवू शकतात ते या मोकळ्या जागेमुळे, असं माझं मत आहे. गर्दीसाठी लिहिलेलं गाणं खरंच गर्दीत टिकतं.

आणि गाणारा फ्रेडी तर आपल्या पाचगणीचा! जन्म झांझिबारचा, पारशी घरातला, नाव फारोख बलसारा, पण शाळा पाचगणीची सेंट पीटर्स, तिथेच पियानो, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो मूळ संख्यांपेक्षा यावर जास्त खूश झाला, त्याची सहल पाचगणीला जाऊन आलीय.

रविवारी आम्ही दोघांनी लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज कापाजोडायचं सॉफ्टवेअर उघडलं (फुकट मिळतं), त्याची एकच टाळी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि तिच्या आठ नकला केल्या, आधी १०, २०, ३० अशा ८० पर्यंत, मग ११, १७, २३, ३१, ४१, ५३, ६७, ७९ वर. पहिल्यात स्पष्ट 'घ्यँव' आला. दुसऱ्यात घ्यँव नाही, पण गर्दीही वाटेना, वाळूची पिशवी फाटल्यासारखं काहीतरी. कारण सगळ्या नकला तंतोतंत एकाच टाळीच्या, एकाच जोराच्या. मग त्याने आजीला, आईला, शेजारच्या दोन पोरांना हॉलमध्ये आणलं, प्रत्येकाच्या वेगळ्या टाळ्या घेतल्या, लांबच्या नकला थोड्या हळू केल्या, काही डाव्या कानात काही उजव्या कानात टाकल्या, आणि हेडफोन लावून ऐकलं. पाच माणसांची निदान साठ-सत्तर तरी झाली होती. आजीने तो हेडफोन तीनदा मागून घेतला.