उद्धरण-प्रभाव

एखाद्या शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांचा आधार नंतरच्या संशोधकांनी किती वेळा घेतला, याची मोजदाद करून त्याच्या कामाची दखल ठरवण्याच्या पद्धतीला उद्धरण-प्रभाव म्हणतात. प्रयोगशाळेतल्या बोलण्यात ‘सायटेशन’ हाच शब्द रुळला आहे. या मोजणीचा पाया अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली सुरू केलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने घातला, २००४ मध्ये स्कोपस व गुगल स्कॉलर या निबंध आणि त्यांची उद्धरणे शोधून देणाऱ्या ऑनलाइन सूची आल्या, आणि ग्रंथालयात जाऊन जाडजूड सूची चाळण्याचे काम घरबसल्या होऊ लागले.

सर्वांत प्रचलित मोजमाप म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक. ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकी उद्धरणे मिळाली असतील, ती संख्या म्हणजे हा निर्देशांक. समजा, एखाद्याच्या आठ निबंधांना अनुक्रमे ४०, २२, १५, ९, ६, ५, ३ आणि १ उद्धरणे मिळाली आहेत. पाचव्या निबंधाला किमान पाच उद्धरणे आहेत, पण सहाव्याला सहा नाहीत. म्हणून निर्देशांक ५. पहिल्या निबंधाची उद्धरणे ४० ऐवजी ४००० असती, तरी तो ५ च राहिला असता. हा निर्देशांक कधी उतरत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना तो आपोआप अनुकूल ठरतो.

कोल्हापुरात १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील थिन फिल्मचे, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांचे, संशोधन या संदर्भात विशेष पाहण्यासारखे आहे. येथील एच. एम. पठाण व सी. डी. लोखंडे यांनी असे थर चढवण्याच्या ‘सिलार’ पद्धतीवर लिहिलेला आढावा-निबंध २००४ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे शेकडो निबंधांत त्याचा हवाला दिला गेला. पद्धत मूळची कोल्हापूरची नव्हे, वाय. एफ. निकोलाउ यांनी ती १९८५ मध्ये मांडली होती. तिची कृती अगदी साधी आहे. काचपट्टी आधी धन आयनांच्या, म्हणजे धन विद्युतभार असलेल्या कणांच्या, द्रावणात बुडवायची, पाण्यात खंगाळायची, मग ऋण आयनांच्या द्रावणात बुडवून पुन्हा खंगाळायची. चार चंचुपात्रांचा हा फेरा जितक्या वेळा फिरवावा, तितका थर जाड होत जातो. निर्वात यंत्रणेचा मोठा खर्च न पेलणाऱ्या प्रयोगशाळांना ती परवडली, आणि जो ती वापरतो तो सहसा तिच्या आढाव्याचाही उल्लेख करतो. पी. एस. पाटील यांचा फवारा-पद्धतीवरील १९९९ चा आढावाही याच कारणाने लोकांच्या कामी आला. आढावा-निबंधांना मूळ प्रयोगांपेक्षा जास्त उद्धरणे मिळतात, हा या मोजमापाचा गुणही आहे आणि खोटही.

सहकार्याने आकडे आणखी वाढतात. कोल्हापुरात पीएच.डी. झालेले अनेक तरुण पुढील संशोधनासाठी दक्षिण कोरियाला गेले, आणि जुने मार्गदर्शक व तिथले प्राध्यापक एकाच निबंधाचे सहलेखक झाले. लोखंडे, डी. पी. दुबल व कोरियातील ओ-शिम जू यांचा २०११ चा सुपरकपॅसिटरवरील, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकांवरील, आढावा याच देवाणघेवाणीचे फळ आहे. अशा निबंधाचे पूर्ण श्रेय प्रत्येक सहलेखकाच्या खात्यावर जमा होते. कोणी थर चढवला, कोणी मोजमापे घेतली आणि कोणी केवळ मसुदा वाचला, हे आकड्यावरून कळत नाही.

विषयाविषयांत तुलना करणेही धोक्याचे आहे. पदार्थविज्ञानात संशोधक पुष्कळ आणि संदर्भसूची लांब. गणितात दोन्ही कमी. मराठीतील संशोधनाची तर या सूचींत जवळजवळ नोंदच होत नाही. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. त्यांनी संपादिलेल्या ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ या साधनग्रंथाशिवाय करवीर राज्याच्या आरंभाचा अभ्यास पुढे सरकत नाही, तरी मराठी पुस्तकांच्या तळटीपा स्कोपसच्या मोजणीत येत नाहीत. केवळ नियतकालिकाच्या प्रभावांकावरून, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात यावरून, संशोधकाला जोखू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३ मध्ये सांगितले, ते अशाच विसंगतींमुळे.

एक अडचण मात्र खास आपल्याकडची आहे. नावांची आद्याक्षरे आणि आडनाव एवढ्यावर ओळख ठेवली, तर कोल्हापूर परिसरात पाटलांची गफलत ठरलेली: एकाच आद्याक्षरांच्या दोघा-तिघांचे निबंध एका खात्यात जातात, किंवा लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन खात्यांत विभागले जाते. २०१२ पासून मिळू लागलेला, प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख ठरवणारा सोळा अंकी ऑर्सिड क्रमांक निबंधावर घातला, की ही सरमिसळ बरीच टळते.