पडदा काळा पडला, आवाज गेला: फोन करण्याआधी हे वाचा

हे पत्रक आम्ही होम थिएटर जोडण्याचं काम संपलं की बिलासोबत देतो. फाइलला लावून ठेवू नका, टीव्हीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ज्या संध्याकाळी त्याची गरज पडते, त्या संध्याकाळी घरात पाहुणे असतात आणि फाइल कुणाला सापडत नाही.

आम्हाला सर्वांत जास्त येणारा फोन असा असतो: “चित्र दोन सेकंद येतं, जातं, परत येतं. टीव्ही गेला का हो?” टीव्ही गेलेला नसतो. डिस्क प्लेअरही नाही, रिसीव्हरही (स्पीकरना आवाज देणारा मधला डबा) नाही. तिघंही ठणठणीत असतात, पण त्यांचं आपसात जमलेलं नसतं. ते का जमत नाही हे एकदा कळलं की निम्म्या वेळा आमची गरज लागत नाही.

वायरीतलं कुलूप

चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीतून जाणारं सिनेमाचं चित्र उघडं जात नाही, कुलूपबंद जातं. या कुलपाचं नाव एचडीसीपी. ते इंटेल कंपनीने तयार केलं. सिनेमा बनवणाऱ्यांना भीती होती की कुणी मधेच वायर काढून हुबेहूब नक्कल उतरवून घेईल. म्हणून प्लेअर आधी पलीकडच्या यंत्राला विचारतो, ‘तुझ्याकडे परवान्याची चावी आहे का?’ पहिल्या पिढीत प्रत्येक यंत्राच्या पोटात अशा ४० चाव्या भरलेल्या असतात. जुळल्या तर चित्र सुटतं. पण एकदा विचारून भागत नाही. दर १२८ फ्रेम्सनी (एकेका चित्राला फ्रेम म्हणतात), म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, ही तपासणी पुन्हा होते. त्यामुळे चित्र ठरावीक लयीत येत-जात असेल, तर आमचा पहिला संशय या तपासणीवर जातो. आता वायर ढिली असली, पिन नीट बसली नसली, तरी तपासणी चुकतेच. म्हणून वायर दोन्ही टोकांना काढून परत घट्ट बसवा, हा पहिला उपाय. हसू नका, याने बऱ्याचदा काम होतं.

गंमत अशी की २०१० साली या पहिल्या पिढीच्या कुलपाची मूळ किल्लीच इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्यही केलं. चोराला तेव्हापासून हे दार उघडंच आहे. त्रास होतो तो पैसे मोजून डिस्क आणणाऱ्याला. असो.

२०१३ मध्ये नवी पिढी आली, एचडीसीपी २.२. फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा सिनेमा, मग तो डिस्कवरचा असो की ओटीटीवरचा, आता हेच कुलूप मागतो. जुनं कुलूप असलेलं यंत्र नुसतं सॉफ्टवेअर भरून सहसा नवं होत नाही, आतली चिपच वेगळी लागते.

साखळीतला सर्वांत जुना डबा

प्लेअरपासून टीव्हीपर्यंत जे जे मधे येतं, त्या प्रत्येकाकडे नवी चावी हवी. रिसीव्हर, एका वायरीच्या दोन करणारा स्प्लिटर, सिग्नल लांब नेणारा भिंतीतला एक्स्टेंडर, सगळं यात आलं. यातला एक जरी जुना निघाला, तरी प्लेअर चित्र खाली उतरवून १०८०पी, म्हणजे साधं फुल एचडी देतो, नाहीतर सरळ संदेश दाखवून बसतो.

विश्रामबागेतल्या एका बंगल्यात हेच झालं. टीव्ही नवा फोरके, प्लेअर नवा, मधे २०११ चा उत्तम रिसीव्हर. आवाज असा की शेजारी विचारायला यायचे. पण फोरके डिस्क लावली की टीव्हीच्या कोपऱ्यात ‘१०८०पी’ हेच अक्षर. दुकानदाराने त्यांना रिसीव्हर बदला म्हणून सांगितलेलं. आम्ही प्लेअरच्या मागे हात घालून पाहिलं तर दोन एचडीएमआय आउटपुट होते आणि दुसऱ्यावर अजून प्लॅस्टिकचं टोपण. एक वायर थेट टीव्हीला, दुसरी रिसीव्हरला. पहिली फक्त चित्र नेते, दुसरी फक्त आवाज. आवाजाला जुनं कुलूपही चालतं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एक आउटपुट ‘ऑडिओ ओन्ली’ केला, आणि नव्या रिसीव्हरचे पैसे वाचले. आमचं मात्र दोनशे रुपयांच्या वायरीवर भागलं.

टीव्हीच्या मागे चार पोर्ट दिसतात म्हणून चारही सारखे समजू नका. सुरुवातीच्या फोरके टीव्हींमध्ये एकदोन पोर्टनाच २.२ होतं. पोर्टच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च लावून वाचा.

लाइट गेली, आली, आणि चित्र गेलं

हा खास आपल्याकडचा प्रकार. टीव्ही इन्व्हर्टरवर असतो, रिसीव्हर मेनवर. लाइट गेली की रिसीव्हर मान टाकतो, टीव्ही चालूच. लाइट आली की रिसीव्हर आणि प्लेअर एकदम जागे होतात, टीव्ही आधीच भलत्या इनपुटवर वाट पाहत असतो, आणि चाव्यांची देवाणघेवाण अर्धवट अडकते. रिमोटने बंद-चालू करून उपयोग होत नाही, कारण रिमोटने बंद केलेलं यंत्र झोपतं, विसरत नाही.

अशा वेळी तिन्ही यंत्रांचे बोर्डावरचे स्विच बंद करा आणि दोन-तीन मिनिटं तसेच राहू द्या. मग आधी टीव्ही, तो पूर्ण सुरू झाला की रिसीव्हर, आणि शेवटी प्लेअर. क्रम हाच. पलीकडचं यंत्र जागं असल्याशिवाय प्लेअरने विचारायचं कुणाला? टीव्ही, रिसीव्हर, प्लेअर तिन्ही एकाच लाइनवर घेतले तर हा त्रास मुळातच कमी होतो. नवं घर बांधत असाल तर वायरमनला आधीच सांगा.

चित्र येतं, पण फिकं

फोरके एचडीआर (जास्त उजळ आणि गडद छटा दाखवणारी) डिस्क लावली आणि रंग धुतल्यासारखे दिसले, तर टीव्हीच्या त्या पोर्टचा पूर्ण वेग बंद असण्याची शक्यता मोठी. गोंधळ असा की प्रत्येक कंपनीने त्याच गोष्टीला वेगळं नाव दिलंय. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ आणि त्यात ‘एनहान्स्ड’. ज्या पोर्टला प्लेअर किंवा रिसीव्हर जोडलाय, त्याच पोर्टसाठी चालू करा. टीव्ही कंपनी-सेटिंगवर आणला की हे पुन्हा बंद झालेलं सापडतं.

हे चालू केल्यावर पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागले किंवा चित्र तुटायला लागलं, तर दोष वायरीचा. पूर्ण वेगाच्या फोरकेला सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी वायर लागते. खोक्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि स्कॅन करता येणारं लेबल पाहून घ्या. सोन्याचा मुलामा, जाड वेणी, यावर जाऊ नका. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर जायचं असेल तर फायबरची एचडीएमआय घ्यावी लागते, आणि तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. मिरजेत एका हॉलमध्ये ती पीओपीच्या वरून उलटी ओढली गेली होती, पीओपी रंगवूनही झालं होतं. छत फोडलं. तेव्हापासून आम्ही वायर आत घालण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, चित्र बघतो. तुमच्याकडे दुसरा कुणी काम करत असेल तरी हे करून घ्या.

बातम्यांच्या चॅनलची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसते, अशीही तक्रार येते. ती जुन्या टीव्हीची सवय, कडा थोड्या बाहेर ढकलण्याची. ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ करा, झालं.

आवाज

डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो, म्हणजे स्टुडिओत होता तसा, काही न गाळता. तो रिसीव्हरपर्यंत तसाच पोहोचवायचा असेल तर प्लेअरमध्ये दोन गोष्टी करा. डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ ठेवा. आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ नावाचं जे काही असेल ते बंद करा. हे दुसरं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ते चालू असलं की प्लेअर मेनूतला टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाची बडबड मूळ आवाजात मिसळून मगच पुढे पाठवतो, आणि या मिसळण्यात डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज, म्हणजे अ‍ॅटमॉस हरवतो. रिसीव्हरच्या काचेवर ‘अ‍ॅटमॉस’ऐवजी ‘मल्टी चॅनल’ किंवा नुसतं ‘डॉल्बी डिजिटल’ दिसलं की समजायचं. टिकटिक ऐकण्यासाठी कुणी छतात स्पीकर बसवत नाही.

टीव्हीवरच ओटीटी बघून आवाज साउंडबारला नेत असाल तर तो एआरसी, म्हणजे टीव्हीतून आवाज उलट बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय पोर्टमधून जातो. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेला असतो, तो साध्या एआरसीतून जातो. डिस्कवरचा ट्रूएचडी मात्र जात नाही, त्याला एआरसीची पुढची पिढी, ई-एआरसी लागतं. आणि अजूनही जाड काळी ऑप्टिकल वायर लावलेली असेल तर तिच्यातून पाच अधिक एकचा जुना डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस जातो, पुढचं काही नाही. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल तर एआरसीवरून फक्त दोन चॅनल येतात. ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. मागचे स्पीकर मुके आहेत म्हणून आलेल्या कितीतरी फोनवर आम्ही एवढंच सांगितलंय.

काळा पडदा, पण काळजीचा नाही

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. पडदा ६० वर चालत असेल तर एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं, आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळत चालतं. अ‍ॅपल टीव्हीत ‘मॅच कंटेंट’, फायर स्टिकमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ चालू करा. मग सिनेमा सुरू होताना आणि संपताना पडदा एक-दोन सेकंद काळा होईल. ते वेग बदलून कुलूप पुन्हा लावणं-उघडणं चाललेलं असतं. यासाठी फोन नको.

अमेरिकेतून आलेली डिस्क

मुलगा किंवा भाची सुट्टीला येताना डिस्क आणते आणि ती इथे चालत नाही. ब्लू-रेचे जगात तीन भाग केलेत: अमेरिका आणि जपान ए, युरोप, आखाती देश आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. डीव्हीडीत आपला क्रमांक ५. डिस्क मागवण्याआधी वेष्टनाच्या मागे कोणतं अक्षर आहे ते विचारा, बऱ्याच डिस्क तिन्हीकडे चालणाऱ्याही असतात. फोरके अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र हा प्रदेशांचा जाच नाही, कुठूनही आणा. त्याच डब्यातली साधी ब्लू-रे अडली तर आमच्याकडे बघू नका.

स्वस्त अँड्रॉइड बॉक्स आणि ‘जुगाड’

खोक्यावर ‘८के’ लिहिलेला अँड्रॉइड बॉक्स आणि त्यावर नेटफ्लिक्स धूसर: हा बॉक्सचा वेग कमी म्हणून नाही. ओटीटीचं स्वतःचं वेगळं कुलूप असतं, वाइडवाइन. त्याची वरची पातळी एल१ मिळवायला यंत्राला मान्यता लागते. ती नसली की एल३, आणि मग नेटफ्लिक्सवर एचडी मिळतच नाही, इंटरनेट कितीही वेगवान असो. ‘डीआरएम इन्फो’ नावाचं मोफत अ‍ॅप टाकून एका मिनिटात तपासता येतं. दुकानातच तपासा, घरी आणल्यावर नाही.

पेन ड्राइव्हवरचा सिनेमा ब्लू-रे प्लेअरमध्ये लावला, वीस मिनिटं छान चालला आणि मग आवाज बंद होऊन पडद्यावर ‘सिनाविया’ असा संदेश आला, तर स्पीकर तपासत बसू नका. तो आवाजातच मिसळलेला, कानाला न कळणारा शिक्का आहे आणि प्लेअरने तो ओळखलाय. यावर आमच्याकडे इलाज नाही.

एचडीसीपी काढून टाकणारा स्प्लिटर मिळतो का, असंही विचारतात. बाजारात मिळतो, आम्ही ठेवत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं कुलूप मोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुना प्रोजेक्टर चालवायचाय एवढाच तुमचा हेतू असेल हे आम्हाला कळतं. पण त्यासाठी प्लेअरचा आउटपुट १०८०पी वर बांधून ठेवला की बरेचदा काम होतं, ते आम्ही येऊन करून देतो. लाल-हिरव्या-निळ्या पिनांचा प्रोजेक्टर असेल तर तोही मार्ग बंद झालाय. ब्लू-रेच्या परवाना करारानुसार २०१३ नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेअरला चित्राची ॲनालॉग पिनच ठेवता येत नाही. जुना चांगला प्लेअर घरात असेल तर भंगारात घालू नका.

तरीही फोन करावा लागला तर

पडद्यावरच्या संदेशाचा फोटो काढा, तो जाण्याआधी. टीव्ही आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा एक फोटो, कोणती वायर कुठल्या पोर्टला आहे ते दिसेल असा. मॉडेल क्रमांक मागच्या चिकटपट्टीवर असतो, खोक्यावरचा नको. मधे काही नवीन जोडलं होतं का, टीव्हीने स्वतःहून अपडेट घेतलं का आणि त्या दिवशी लाइट गेली होती का, हे सांगा. रविवारी आम्ही बंद असतो, पण फोटो पाठवून ठेवा, संध्याकाळपर्यंत कुणीतरी बघतं.