मांडीच्या रोहिण्या

मांडीचे स्नायू, त्वचा आणि हाड यांना प्राणवायुयुक्त रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांचे जाळे. यातली ठळक वाहिनी म्हणजे और्वी रोहिणी, डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘फेमोरल’. नाव मांडीचे असले तरी ती मांडीला थोडेच देते. तिचे बरेचसे रक्त गुडघ्याखाली जाते. मांडी पोसायचे काम मुख्यतः तिच्या एका फाट्याकडे असते. तो फाटा म्हणजे खोल और्वी रोहिणी, अर्थात प्रोफंडा.

ओटीपोटातून येणारी बाह्य श्रोणी रोहिणी जांघेतल्या अस्थिबंधाखालून मांडीत उतरली की तिचे नाव और्वी होते. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडांचा, म्हणजे जघनास्थींचा, मधला सांधा यांच्या बरोबर मध्यावर बोटे दाबली की तिचा ठोका लागतो. येथे बाहेरून आत मज्जातंतू, रोहिणी, नीला असा क्रम असतो. रोहिणी त्वचेच्या जवळ आणि तिच्यामागे मांडीच्या हाडाचा गोल माथा, त्यामुळे सुई काढल्यावर ती हाडावर दाबून रक्त थांबवता येते. स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने 1953 मध्ये सुई, तार आणि नळी या क्रमाने रोहिणीत शिरण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि जांघ हा अँजिओग्राफीचा नेहमीचा दरवाजा झाला. आता हृदयाच्या तपासणीसाठी बहुधा मनगट निवडतात.

पोट, नितंबाचा वरचा भाग आणि जननेंद्रिये यांच्याकडे जाणाऱ्या लहान शाखा दिल्यावर, अस्थिबंधाखाली साधारण 3 ते 4 सेंटिमीटरवर प्रोफंडा फुटते. मूळ रोहिणी पुढे सार्टोरियस स्नायूखाली जाते. लॅटिनमध्ये सार्टोर म्हणजे शिंपी. मांडी घालून बसताना पाय ज्या स्थितीत येतो, तिथे तो आणण्यात या स्नायूचा हात असतो. त्याच्या आडोशाने ती हंटरच्या नलिकेतून, म्हणजे मांडीतल्या स्नायूंमधल्या बोगद्यातून, जाते, मांडी आत ओढणाऱ्या मोठ्या अभिवर्तक स्नायूतल्या फटीतून मागे वळते आणि गुडघ्यामागच्या लवणीत तिचे नाव पॉप्लिटियल होते.

नलिकेला जॉन हंटरचे नाव मिळाले ते एका शस्त्रक्रियेमुळे. डिसेंबर 1785 मध्ये लंडनमधल्या एका गाडीवानाच्या गुडघ्यामागे रोहिणीचा मोठा फुगा झाला होता. अशा वेळी पाय कापणे हा सर्रास उपाय होता. हंटरने फुग्याला हात न लावता वर मांडीतच रोहिणी बांधली. पाय वाचला, कारण रक्ताला आडवाटा होत्या.

या आडवाटा मुख्यतः प्रोफंडाच्या. तिच्या दोन परिवेष्टी शाखा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला वळसा घालतात. बाहेरची शाखा पुढच्या स्नायूंना आणि गुडघ्यापर्यंत रक्त नेते. आतली आकाराने लहान, पण प्रौढ माणसात खुब्याच्या सांध्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा मुख्यतः तिच्यावरच असतो. तिच्या बारीक उपशाखा हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. म्हातारपणी न्हाणीघरात घसरून ‘खुब्याचे हाड मोडले’ आणि ती मोड मानेतली, जागा सोडलेली असली, तर या उपशाखा तुटतात आणि गोळा रक्ताविना मरू शकतो. म्हणूनच अशा रुग्णात हाड जोडत बसण्यापेक्षा कृत्रिम गोळा बसवणे पुष्कळदा पसंत करतात.

मांडीच्या मागच्या स्नायूंना स्वतःची मोठी रोहिणी नाही. प्रोफंडाच्या तीन भेदक शाखा आणि चौथी म्हणून धरले जाणारे तिचे शेवटचे टोक अभिवर्तक स्नायू भेदून मागे जातात आणि त्यांना पोसतात. मांडीच्या हाडात शिरणारी पोषक रोहिणीही बहुधा यांपैकीच एकीची. पहिली भेदक, दोन्ही परिवेष्टी आणि नितंबाकडून उतरणारी अधर नितंब रोहिणी यांचा संगम क्रूसाच्या आकाराचा मानतात. मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंना ऑब्ट्युरेटर रोहिणीचाही हातभार लागतो.

नलिकेच्या खालच्या टोकाशी रोहिणी चरबीने हळूहळू बुजण्याचे प्रमाण बरेच असते, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की उतरतो. प्रोफंडा मोकळी असेल तर पाय बहुधा तग धरतो, म्हणून शल्यविशारद तिला जपतात.

गर्भात मात्र पायाची मुख्य रोहिणी मागच्या बाजूने, नितंबातून पायात उतरणाऱ्या जाड सायटिक मज्जातंतूसोबत जाते. और्वी रोहिणी नंतर वाढते आणि मागची आक्रसते. तिचा उरलेला धागा म्हणजे त्या मज्जातंतूची बारीक सोबतीण. फार क्वचित ती प्रौढपणीही मोठीच राहते. अशा माणसाची जांघेतली नाडी मंद आणि पावलातली ठळक लागू शकते.