पार्श्वभूमी : आखूड स्कीची पहिली जोडी आणि लांबीचा घोळ

गोव्यातल्या काही गिर्यारोहकांनी फायबरच्या होड्या बांधणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून आखूड स्कीची नमुना जोडी करायला घेतली आहे. लांबी 120 सेंटिमीटर, रुंदी 11, आणि बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीवर धरणारी पकड, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे काटे) चढवतो त्याच चढाईच्या बुटाला बसणारं. मांडवीच्या काठावर बसून बर्फाच्या गोष्टी, म्हणून थट्टा पुष्कळ झाली. पण थट्टेपेक्षा भांडण मोठं झालं ते लांबीवरून. ते भांडण मुळात गोव्यातलं नाही, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटपतो. स्वीडनमध्ये काल्वत्रेस्कला सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. अल्ताई डोंगरातले लोक चढताना मागे घसरू नये म्हणून तळाला घोड्याचं कातडं लावलेल्या रुंद स्की वापरत आले आहेत. स्कँडिनेव्हियात तर एका पायात लांब स्की आणि दुसऱ्यात कातडं लावलेली आखूड, अशी विजोड जोडीही चालायची. आखूड स्कीने ढकलायचं आणि लांब स्कीवर घसरायचं. पण हे सगळं रानातलं, शिकारीचं, लांब पल्ल्याचं चालणं. उभ्या उतारावर वळायचं कसं, हा प्रश्न आल्प्समध्ये आला. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डच्या एका हट्टी माणसाने 1890च्या दशकात लांबलचक नॉर्वेजियन स्की 180 सेंटिमीटरच्या आसपास आणली आणि त्यावर उतरण्याचं तंत्र बसवलं. नॉर्वेच्या जाणकारांशी त्याचं जोरात वाजलं. 1920च्या दशकात कडेला पोलादी पट्टी आली आणि कडक बर्फावर स्की पकड घेऊ लागली.

खरी आखूड स्की, म्हणजे 60-70 सेंटिमीटरची, आल्प्समधल्या गिर्यारोहकांनी गेल्या शतकात वापरात आणली. उन्हाळ्यात, सकाळच्या वितळून गोठलेल्या दाणेदार बर्फावर, शिखरावरून झटपट खाली यायला. पाठपिशवीला बांधली की विसरून जावी इतकी हलकी, आणि पायात चढाईचेच बूट. अमेरिकेत 1960च्या दशकात नवशिक्यांना आधी आखूड स्की देऊन मग लांबी वाढवत नेण्याची पद्धत गाजली. 1990च्या दशकात मीटरभराहून लहान स्कींची लाट आली. त्यांची बाइंडिंग बहुधा पडल्यावर सुटायची नाहीत, त्यामुळे नडगीची हाडं मोडू लागली आणि आखूड स्कीचं नाव खराब झालं. माझ्या मते दोष लांबीचा नव्हता, बाइंडिंगचा होता. पण बदनामी झाली ती लांबीची.

दरम्यान एक गोष्ट घडली, जिच्याकडे आपल्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. 1980च्या दशकात ऑस्ट्रियात बुटाचं नाक दोन बाजूंच्या पिनांनी धरणारं हलकं बाइंडिंग निघालं. वजन एकदम उतरलं, सगळा बाजार तिकडे वळला. पण त्याला धातूच्या खाचा बसवलेला खास स्कीचाच बूट लागतो. चढाईच्या बुटाला तारेने पकडणारी जुनी बाइंडिंग हळूहळू दुकानांतून दिसेनाशी झाली.

भारतात याचा फटका जास्त बसतो. गुलमर्गला स्की क्लब 1927 मध्ये निघाला, लष्कराची स्की शाळा 1948 मध्ये. तरी स्की आणि गिर्यारोहण आपल्याकडे सख्खे शेजारी असूनही वेगळ्या चुलींवर राहिले. मनालीला किंवा उत्तरकाशीला बेसिक कोर्स करून आलेल्या फोंड्याच्या पोराला दोर, आइस ऍक्स, क्रॅम्पॉन येतं. स्कीचा कोर्स वेगळा, बूट वेगळे, खर्चही वेगळा. त्याच्याकडे असतो तो एकच जाड तळाचा बूट.

आणि लांबीचं उत्तर या बुटात आहे. स्कीचा बूट घोट्याला आवळून धरतो, म्हणून लांब स्की वळवता येते. चढाईच्या बुटात घोटा मोकळा. तिथे 175 सेंटिमीटरची स्की माणसाला वळवते, माणूस तिला नाही. मग 70चीच का नको? एक गट शेवटपर्यंत त्यावर अडून होता. हिशेब करून बघा. माणूस आणि पाठपिशवी मिळून 90 किलो धरले, तर 70 बाय 10च्या जोडीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 64 ग्रॅम भार येतो. 120 बाय 11च्या जोडीवर 34 ग्रॅम. 175 बाय 9च्या पूर्ण स्कीवर 29. म्हणजे रुंदी वाढवली की 120ची स्की तरंगण्यात पूर्ण स्कीच्या जवळ जाते. 70ची उतरायला झकास, पण हिमालयात मे महिन्यात दुपारी भुसभुशीत झालेल्या बर्फात ती गुडघ्यापर्यंत रुतवणारच. अमेरिकेत अलीकडे अल्ताईच्या धर्तीवर सव्वाशे-दीडशे सेंटिमीटरच्या, तळातच कातडीपट्टी बसवलेल्या स्की निघाल्या, त्यांचा कलही हाच आहे. सत्तरवाल्यांचं म्हणणं अजून तेच: एवढं ओझं वर न्यायचंच कशाला?

गोव्यात हे का जमू शकतं, ते होडीवाल्यांना विचारावं. 2009 मध्ये नौदलात दाखल झालेली 'म्हादेई' दिवाडी बेटावर बांधली गेली; लाकडाचा गाभा आणि दोन्ही अंगांनी काचतंतूचे थर. तिच्यातून एका नौदल अधिकाऱ्याने 2009-10 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. 2017-18 मध्ये महिला चमूला घेऊन गेलेली 'तारिणी'सुद्धा गोव्यातच बांधलेली. स्कीची जडणघडण तीच: मधे हलकं लाकूड, वर-खाली काचतंतू, फक्त तळाला पॉलिथिलीनची चादर आणि कडेला पोलाद. रापणीच्या होड्यांना चालणारं पॉलिएस्टर रेझिन (काचतंतूचे थर जोडणारा चिकट रस) मात्र इथे चालत नाही, लाकडाला आणि वाकण्याला इपॉक्सी रेझिनच लागतं. आणि इपॉक्सीला गोव्याचा पाऊस सोसत नाही. दमट हवेत थराच्या वर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारूनच पुढचा थर द्यावा लागतो, नाहीतर पापुद्रे सुटतात. गाभ्याला साग नको, तो जड आणि तेलकट. पॉपलरचं हलकं लाकूड उत्तरेकडून मागवावं लागलं.

सगळ्यात नाजूक जागा पोलाद आणि प्लास्टिकच्या सांध्याची. इथल्या 30 अंशांत चिकटवलेली स्की उणे 15 मध्ये जाणार. मोकळी सोडली तर 120 सेंटिमीटरची पॉलिथिलीनची पट्टी एवढ्या फरकाने 7-8 मिलिमीटर आखडते, पोलाद पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून पोलादी कडेवर रबराची पातळ फीत घालतात, ताण ती पोटात घेते. पहिल्या साच्यात ती फीत घातली आहे. पडल्यावर सुटणारं बाइंडिंग मात्र अजून ठरलेलं नाही. तारेचं साधं बाइंडिंग बसवून बघू, असं बहुसंख्यांचं मत आहे. 1990च्या दशकातल्या मोडलेल्या नडग्या पाहता ते मला पटत नाही.