कोकम सरबतात सोडा टाकला की रंग का बदलतो?

मे महिना आला की आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच. हायवेवरच्या टपरीतलं कोकम सरबत, त्यात चिमूटभर खायचा सोडा, लालभडक रंग निळसर-हिरवट झाला आणि खाली लिहिलेलं, 'बघा, केमिकल!' अहो, उलटं आहे. कोकमातला अँथोसायनिन हा नैसर्गिक रंग आम्लात लाल असतो आणि सोड्यासारख्या अल्कलीत निळ्या-हिरव्याकडे झुकतो, म्हणजे रंग बदलला तर त्यात असा नैसर्गिक रंग आहे एवढंच कळतं, पण त्यात वरून दुसरा रंग मिसळलाय का ते मात्र यातून कळत नाही.

ते शोधायला लॅबमध्ये एक जुनी टेस्ट आहे, मला भयंकर आवडते, कारण तिला लागतो पांढऱ्या लोकरीचा धागा. सरबतात थोडं आम्ल टाकून त्यात तो धागा उकळायचा. लोकर म्हणजे प्रोटीन, आम्लात तिच्या अमिनो ग्रुपवर प्लस चार्ज येतो, आणि कार्मोइसिनसारख्या कृत्रिम रंगाच्या रेणूला असतात मायनस चार्जचे सल्फोनेट ग्रुप, मग काय, रंग धाग्याला घट्ट चिकटतो आणि नळाखाली धुतला तरी जात नाही. कोकमाचा रंग आम्लात स्वतःच प्लस चार्जवाला, त्यामुळे त्याचं लोकरीशी तसं जमत नाही, फार तर फिकट डाग पडतो. मग तोच धागा पातळ अमोनियात उकळतात. लोकरीवरचा प्लस चार्ज गेला की कृत्रिम रंग सुटून पाण्यात येतो. ते पाणी पुन्हा आम्ल करून त्यात नवा धागा टाकला आणि तोही लाल झाला, की कृत्रिम रंग आहे हे जवळजवळ नक्की. मग कोणता ते पेपर क्रोमॅटोग्राफीवर (कागदावर रंग वेगळे करायची पद्धत) ओळखीच्या रंगांशेजारी ठिपका ठेवून बघतात, आणि किती ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर.

हा 'किती' महत्त्वाचा. आपल्याकडे खाण्यात चालणारे कृत्रिम रंग 8 आहेत, कार्मोइसिन त्यातलाच, आणि साधारण मर्यादा 100 पीपीएम, म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आसपास. 'केमिकल-फ्री कोकम' वगैरे लेबलांना अर्थ नाही, कोकमाचा आंबटपणाही मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा, म्हणजे केमिकलचाच.

बाटलीतल्या सरबतात टिकण्यासाठी घालतात तो सोडियम बेंझोएट बिनरंगी, तिथे लोकर काय करणार? त्याला सहसा एचपीएलसी मशिन वापरतात, ते मिश्रणातले घटक वेगळे करतं, आणि त्यात बेंझोएट अतिनील प्रकाश शोषतो त्यावरून पकडला जातो.