पानथरी (प्लीहा)

पोटाच्या पोकळीत डावीकडे, जठराच्या मागे व नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असलेले जांभळट, मऊ व रक्ताने भरलेले इंद्रिय. वैद्यकीय मराठीत प्लीहा, बोलण्यात पानथरी. या इंद्रियाच्या वाढीलाही तोच शब्द लावतात. ‘पोराला पानथरी झाली’ म्हणजे ती बरगडीखाली हाताला लागू लागली. प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे १५० ग्रॅम व लांबी १२ सेंमी.च्या आसपास भरते. निरोगी माणसात ती सहसा हाताला लागत नाही. लसीका ग्रंथी लसीका (ऊतींतून जमणारा पाणीदार द्रव) गाळतात, पानथरी रक्त गाळते. रोगप्रतिकारात तिचे वेगळेपण ते हेच. येथे तिचे प्रतिकारकार्य आणि खानदेशात हिवताप व सिकलसेल या दोन रोगांशी तिचा आलेला संबंध एवढाच विषय घेतला आहे.

जुन्या कल्पना : सुश्रुतसंहितेत रक्तवह स्रोतसांचे (रक्त वाहणाऱ्या मार्गांचे) मूळ यकृत व प्लीहा ही सांगितली असून उदररोगांत प्लीहोदर स्वतंत्र मोजले आहे. ग्रीक परंपरेत गेलेन या वैद्याने तिचा संबंध काळ्या पित्ताशी, म्हणजे शरीरातील चार द्रवांपैकी एकाशी, जोडला. पानथरी काढूनही माणूस जगतो, हे दिसल्यामुळे ती बिनमहत्त्वाची असावी हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. १९५२ मध्ये किंग व शूमाकर यांनी, पानथरी काढलेल्या तान्ह्या मुलांना नंतर झालेले तीव्र जंतुसंसर्ग नोंदवले, तेव्हा तो मोडू लागला.

प्रतिकारकार्य : हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी साधारण ५ टक्के रक्त पानथरीकडे येते. तिचा आतला गर, म्हणजे मगज, लाल व पांढरा असा दोन प्रकारचा असतो. लाल मगजात रक्त केशवाहिन्यांतून मोकळ्या जागेत सांडते आणि पुन्हा शिरेत शिरण्यासाठी त्याला एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या फटींतून जावे लागते. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन. लवचीक पेशी अंग चोरून पार होते. म्हातारी, ताठर किंवा आत परजीवी असलेली पेशी अडकते आणि तिथेच टपलेल्या महाभक्षी पेशी तिला गिळतात. कधी पेशी जाऊ दिली जाते, पण तिच्या आतला नको तो कण तेवढा काढून घेतला जातो. करंजीतले सारण काढून पारी शाबूत ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

पांढऱ्या मगजाचे काम निराळे. तिथे लसीका पेशींना रक्तातून आलेल्या प्रतिजनांची (जंतूंच्या परक्या अंशांची) ओळख होते व त्यांना चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, बनू लागतात. दोन्ही मगजांच्या सीमेवरच्या बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या लसीका पेशी) शर्करावेष्टन असलेल्या जिवाणूंविरुद्ध, म्हणजे न्यूमोकोकस, हीमोफिलस व मेनिंगोकोकस यांच्याविरुद्ध, झटपट आयजीएम प्रकारची, म्हणजे पहिल्या फळीची, प्रतिपिंडे सोडतात. हा सीमाभाग जन्मतः पुरता तयार नसतो. म्हणून निव्वळ शर्करेपासून केलेली लस दोन वर्षांखालील मुलांत नीट लागू पडत नाही, शर्करेला प्रथिन जोडावे लागते. पानथरी नसलेल्या माणसात न्यूमोकोकस रक्तात शिरला, तर सकाळचा ताप संध्याकाळी जिवावर बेतू शकतो.

हिवताप व प्लीहा-दर : हिवतापात अडकलेल्या पेशींचा निचरा करता करता पानथरी वाढते. इंग्रज सैन्यातील वैद्य डेम्प्स्टर याने उत्तर भारतातील कालव्यांच्या पाहणीत, १८४० नंतरच्या दशकात, या वाढीचाच मोजमाप म्हणून उपयोग केला. पुढे २ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी किती जणांची पानथरी हाताला लागते, त्या टक्केवारीला प्लीहा-दर म्हणू लागले. १० टक्क्यांपर्यंत सौम्य, ११ ते ५० मध्यम, त्यावर तीव्र असे वर्ग पडले. १९४४ मध्ये हॅकेटने वाढीच्या पायऱ्या ठरवल्या. त्या बरगडीच्या कडेपासून बेंबीपर्यंत आणि बेंबीच्याही खाली मोजल्या जातात.

वाढलेली पानथरी ठिसूळ असते, थोड्या माराने फुटते. या वैद्यकीय सत्याचा वसाहतकाळात दुरुपयोगही झाला. आग्र्याच्या एका इंग्रज वकिलाच्या मारहाणीत त्याचा सईस (घोड्याचा मोतद्दार) मेला. पानथरी फुटली असे ठरून वकिलाला ३० रुपये दंड झाला. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्यावर जाहीर नापसंती नोंदवली.

इंग्रजी अमदानीत खानदेशच्या पश्चिम भागाची व सातपुड्याच्या पायथ्याची हवा परक्याला घातक, भिल्लांना मात्र मानवणारी, अशा अर्थाची विधाने येतात. त्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. हिवतापाविरुद्धची संपादित (जन्मजात नसलेली, मिळवलेली) प्रतिकारशक्ती वारंवार लागण होत होत काही वर्षांत येते, पूर्ण कधीच होत नाही, आणि माणूस मुलूख सोडून गेला की ओसरते. ती येईपर्यंतची किंमत लहान मुले चुकवतात. तेव्हा अधिकाऱ्यांना दिसलेला काटक प्रौढ हा बालपणाच्या तापातून वाचलेला होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम आला. डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीनंतर, परजीवी शोधण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या रक्ताच्या काचपट्टीला महत्त्व आले आणि प्लीहा-दर मागे पडला.

सिकलसेल : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने होणारा आनुवंशिक दोष. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकतात. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. महाराष्ट्रातील पाहण्यांत भिल्ल व पावरा या खानदेशातील प्रमुख जमातींत वाहकांचे (एकाच पालकाकडून हे जनुक आलेल्यांचे) प्रमाण २० ते ३५ टक्के इतके चढे आढळले आहे. पाहणीचे गाव व पाडा बदलला की आकडा बदलतो. नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना १ जुलै १९९८) २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, हे ध्यानात घेता रोगाचा भार मुख्यतः इकडे येतो. जळगावच्या चोपडा, यावल, रावेर तालुक्यांचा सातपुड्यालगतचा भागही त्यात धरावा लागतो.

हे जनुक येथे कोठून आले, यावर एकमत नाही. अरबस्तानात उगम होऊन ते पूर्वेला भारतात व पश्चिमेला आफ्रिकेत पसरले, असे एक जुने मत आहे. आफ्रिकेतून सागरी व्यापारामार्गे आले, असे दुसरे. १९८० नंतरच्या दशकात जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासल्या गेल्या. तेव्हा आफ्रिकेत सेनेगल, बेनिन, बांटू असे वेगवेगळे नमुने आढळले, तर पूर्व सौदी अरेबियापासून मध्य भारतापर्यंत एकच वेगळा, अरब-भारतीय नमुना आढळला. यावरून आशियात हा बदल स्वतंत्रपणे घडला असा निष्कर्ष काढला गेला. २०१८ मधील एका जनुकीय विश्लेषणाने मात्र सर्वांचा उगम एकच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा, मानला. ते विश्लेषण प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या नमुन्यांवर उभे आहे. सातपुड्यातील जमातींपुरता विचार केला, तर स्वतंत्र उगमाचे मत तूर्त सोडण्याचे कारण दिसत नाही. सध्याच्या वस्तीवरून जमातींच्या स्थलांतराचे धागे जुळवण्याचे प्रयत्न मात्र सैल आहेत.

वाहकाला तीव्र फाल्सिपेरम (हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवीच्या) हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते, हे ॲलिसनने १९५४ मध्ये युगांडातील निरीक्षणांवरून मांडले व ते मान्य झाले. ते कसे मिळते, याविषयी मात्र अनेक मते आहेत. लुझ्झाटो व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले, की वाहकाच्या रक्तात परजीवी शिरलेली पेशी इतर पेशींपेक्षा लवकर वाकते. मग पानथरी तिला उचलते. कमी प्राणवायूत परजीवी वाढत नाही, हे दुसरे स्पष्टीकरण. परजीवी पेशीच्या पृष्ठावर जी चिकट प्रथिने मांडतो ती या पेशींत नीट मांडली जात नाहीत, हे तिसरे. शिवाय केनियातील मुलांत हे संरक्षण वयाबरोबर वाढताना दिसले, म्हणजे संपादित प्रतिकारशक्तीचाही त्यात वाटा असावा. यांपैकी एकच खरे धरण्याची गरज नाही, पण पानथरीचा वाटा यांपैकी एकाहून अधिक स्पष्टीकरणांत येतो.

हे संरक्षण वाहकापुरते आहे. दोन्ही पालकांकडून जनुक आलेल्या मुलाला ते लाभत नाही. ‘सिकलवाल्याला हिवताप होत नाही’ हे ऐकीव मत त्याच्या बाबतीत उलटे व धोक्याचे आहे. वाकलेल्या पेशींनी त्याच्या पानथरीतील वाहिन्या बुजतात आणि ती हळूहळू निकामी होते. आफ्रिकी नमुन्याच्या रुग्णांत ती बहुधा पाच वर्षांच्या आत सुकते. अरब-भारतीय नमुन्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते, त्यामुळे मोठ्या वयातही पानथरी वाढलेली सापडते. ती दिसायला मोठी असली तरी काम करतेच असे नाही. वाढ सिकलमुळे की हिवतापामुळे, हा प्रश्न अक्कलकुवा-धडगावकडच्या दवाखान्यात नुसत्या हाताने सुटत नाही, रक्त पाहावे लागते. कधी पानथरीत अचानक रक्त साचते. मूल फिकट पडते, पोट ताठते, नाडी जलद होते आणि काही तासांत रक्त चढवावे लागते. म्हणून आईला पानथरी चाचपायला शिकवतात : मूल उताणे निजवून गुडघे दुमडायचे, डाव्या बरगडीखाली बोटे हलकेच दाबायची आणि त्याला श्वास घ्यायला सांगायचे. कडा कालच्यापेक्षा दोन बोटे खाली लागली, तर घरी थांबायचे नाही.

पोटावर डाग देण्याची जुनी चाल पानथरीसाठीही होती. तिने पानथरी उतरत नाही, जखम मात्र चिघळते.

गावपातळीवरची पहिली चाचणी साधी आहे. बोटाच्या रक्ताचे थेंब द्रावणात टाकून नळीमागे रेषांचा कागद धरतात. रेषा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढच्या तपासणीला जातो, कारण या चाचणीत वाहक व रुग्ण वेगळे ओळखू येत नाहीत. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. रुग्ण मुलाला पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस (देशभरच्या नियमित लसीकरणात २०२१ पासून), फॉलिक आम्ल व गरजेनुसार हायड्रॉक्सीयुरिया (गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवणारे औषध) देतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली. तिचे लक्ष्यवर्ष २०४७ आहे.