तोल सांभाळणं वेगळं, हवेत सुलटं होणं वेगळं

भिंतीच्या कडेवरून मांजर चालत निघालं की आपण म्हणतो, ‘त्याला काय होतंय, पडलं तरी चार पायांवरच पडेल.’ या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. न पडणं ही एक, आणि पडता पडता सुलटं होणं ही दुसरी. दोन्हींचं श्रेय सहसा शेपटीला दिलं जातं. पहिल्या बाबतीत ते रास्त आहे, दुसऱ्या बाबतीत फारसं नाही.

मांजर टाचा टेकवत नाही, बोटांवर चालतं. आधी मागचा डावा पाय, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. मागचा पाय पडतो तो जवळजवळ पुढच्या पायाने नुकत्याच सोडलेल्या जागेवर. पुढच्या पंजाने जागा चाचपली की मागच्याला नवी शोधावी लागत नाही. ‘मांजराच्या पावलांनी येणं’ म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय माणसाचा खांदा छातीशी जोडणारं गळ्याजवळचं हाड मांजरात एक बारीक तुकडा होऊन स्नायूंमध्ये रुतलेलं असतं. त्यामुळे पुढचे दोन्ही पाय छातीखाली अगदी जवळ येतात आणि पावलं जवळपास एका रेषेत पडतात. शेपटीचं काम इथे आहे. चालत्या मांजराखालची अरुंद फळी प्रयोगात बाजूला सरकवली, तेव्हा मांजराने शेपटी विरुद्ध बाजूला झोकून तोल सावरला.

पण पायाखाली काहीतरी आहे, म्हणून हे जमतं. हवेत रेटा द्यायला काहीच नसतं.

मग ते वळतं कसं? फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी 1894 मध्ये पडणाऱ्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रं घेतली. धरणाऱ्याच्या हातावर रेटा देऊन मांजर गिरकी घेतं, हा समज त्यांतून खोटा ठरला. सुटताना ते मुळीच फिरत नव्हतं, तरी खाली पोचलं ते सुलटं! मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. सगळी किमया लवचिक कण्याची. मांजर कमरेत वाकतं, पुढचे पाय आत ओढतं, मागचे लांब करतं. आखडलेला पुढचा भाग भरभर वळतो, पसरलेला मागचा भाग उलट दिशेला थोडासाच जातो. मग पुढचे पाय लांब, मागचे आत, आणि कंबर मागोमाग वळते. 1969 मध्ये केन आणि शेर या संशोधकांनी मांजराचं हवेतलं वळणं गणिताने मांडलं, तेही शेपटी हिशोबात न धरता. शेपटी नसलेली मांक्स जातीची मांजरंही हवेत वळतात.

दोन्हींत समान धागा एकच, आतला कान. शरीर कुठे कललंय, वर-खाली काय, हे तो कळवतो.

हवेतल्या वळण्याला मात्र वेळ लागतो, सेकंदाचा छोटासा भाग का होईना. अगदी थोड्या उंचीवरून उलटं सुटलेलं मांजर पुरतं वळण्याआधीच जमिनीला लागतं. आणि उंच मजल्यावरून पडलेलं मांजर चार पायांवर उतरलं, तरी त्याचा जबडा मोडू शकतो, छातीला मार बसू शकतो.